बायका मापणारी काकी

मुलगा बघायला येणार होता त्या दिवशी मी साडीच्या आत, कमरेभोवती, दोन टर्किश टॉवेल गुंडाळून बसले होते. एक टॉवेल माझा होता. दुसरा घरमालकिणीचा, तिच्या दोरीवरून न विचारता उचललेला. एका टॉवेलने जे साधलं नाही ते दोघांनी मिळून साधेल, असा माझा हिशोब. मी तेव्हा खालापुरात शाळेवर गणित शिकवत होते. माझ्या विद्यार्थ्यांनी मला माफ करावं.

हे मी माझ्या मुलांना कधी सांगितलं नाही. नातीला सांगितलं, तर तिला आधी कळेचना. जाड दिसण्यासाठी? मुद्दाम? ती सकाळी काकडी खाते आणि दुपारी काकडीचा फोटो बघते. तिला मी माझा कॉलेजातला फोटो दाखवला, तर म्हणाली, आजी, तू कसली भारी होतीस, मॉडेलच. मॉडेल कसली, बाई. त्या काळी बारीक मुलगी म्हणजे आजारी मुलगी. मला नाकारणाऱ्या पहिल्या स्थळाने कळवलं होतं की मुलगी गुणी आहे, पण अंगात काही दिसत नाही. दुसऱ्या स्थळाने कळवलं काहीच नाही, फक्त मुलाच्या आईने निघताना माझ्या आईच्या कानात पेणच्या एका वैद्याचा पत्ता सांगितला. मी खजूर खाल्ले, दुधात तूप घालून प्यायले, भिजवलेले चणे तर इतके खाल्ले की वर्गात फळ्याकडे पाठ करायला भीती वाटे. अंगाला काही लागलं नाही. माझं नशीबच असं की मी काडी होते तेव्हा लोकांना भोपळे हवे होते, आणि पुढे माझा यथास्थित भोपळा झाला तेव्हा लोकांना काड्या आवडू लागल्या.

पण हे माझं पुराण नाही. त्या दुसऱ्या टॉवेलाच्या मालकिणीबद्दल मला लिहायचंय.

तिला सगळं गाव काकी म्हणायचं. खालापुरात तिची भाताची गिरणी होती आणि गिरणीच्या मागच्या घरात दोन खोल्या भाड्याच्या. नवरा लवकर गेला, गिरणी हिच्या अंगावर पडली, आणि अंग तेवढं मोठं असल्यामुळे गिरणी आरामात मावली. काकी प्रचंड होती. जाड, लठ्ठ हे शब्द तिच्यापाशी पोचत नसत, मध्येच थकून बसत. नऊवारी लुगडं तिला पाचवारीसारखं पुरायचं. चालायची मात्र अशी झोकात, की रस्त्याने येताना समोरची एसटी बाजूला होते की काय असं वाटावं.

गिरणीत तिला खुर्ची नव्हती. भाताची पोती तोलायचा मोठा लोखंडी काटा होता, जमिनीलगत फळी असलेला, त्याच फळीवर मागच्या अंगाला ती पाट टाकून बसायची. गिऱ्हाइकाने पोतं आणलं की ते तिच्या शेजारी ठेवायचं. काकी उठत नसे. काट्यावर दोघांचं मिळून जे वजन येईल, त्यातून काकीचं वजन वजा करायचं, राहील तो भात. म्हणजे काकीचं वजन सगळ्या पंचक्रोशीला पाठ असणं भाग होतं, आणि ते होतं. चुलीपुढच्या बायकांना, शाळेतल्या पोरांना, सगळ्यांना. मी वर्गात वजाबाकीचं उदाहरण घातलं की पोरं आपणहून काकीला मध्ये आणत.

एकदा कुंभिवलीचा एक शेतकरी तक्रार घेऊन आला, की काकी, तुमी वाढलाव आनि ते माज्या भातात चाललंय. तेव्हापासून नियम झाला. दर दसऱ्याला गिरणीला झेंडूचं तोरण लागायचं, यंत्राला हळदकुंकू व्हायचं आणि मग काकी लोकांदेखत एकटी काट्यावर बसायची. जो आकडा येईल तो खडूने भिंतीवर लिहायचा, ठळक, आणि तो पुढच्या दसऱ्यापर्यंत चालायचा. आकडा वाढला की गिरणीला नारळ. घटला की काकी दोन दिवस कुणाशी बोलत नसे. मी तिथे राहायला आले त्या वर्षी तो एकदाच थोडासा घटला होता, तर बायका समाचाराला आल्या होत्या.

आता मापांबद्दल. सरकारने शेर-पायली बंद करून किलो आणले, त्याला तेव्हाच बरीच वर्षं झाली होती. काकीची जुनी मापं फळीवर पालथी पडून होती. लहानात लहान चिपटं, मग मापटं, शेर, अडिशरी, पायली, आणि वर मण, खंडी. खंडी म्हणजे गाडीभर. काकीचं म्हणणं, सरकारने भाताची मापं बंद केली, बायकांची नाय केली. म्हणून ती बायका मापायची. पोस्टातल्या बाई शेर. मामलेदारीणबाई अडिशरी, पण पायलीचा तोरा. स्वतः खंडी, हे उघडच. ओटीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता, मिशीसकट चिमणीएवढा माणूस. त्याला ती चिपटं म्हणायची, पण म्हणताना आवाज मऊ व्हायचा. म्हणायची, चिपटंच, पन शीग अशी की भायेर सांडायची.

माप भरून वर धान्याचं जे टोक चढतं ना, ती शीग. काकीचा सगळा जीव त्या शिगेत. माप लहान की मोठं याचं तिला काहीच नव्हतं. मी वळकटी घेऊन तिच्या ओटीवर पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि आतल्या सुनेला ओरडून सांगितलं, मापटं आलंय गं. मग जवळ बोलावून, माझी हनुवटी वर करून, जरा काळजीने म्हणाली, शीग नाय वाटतं हिच्यावर.

मला इतका राग आला की मी रात्रीचं जेवण तिच्याकडे घ्यायचं ठरलं होतं ते रद्द केलं आणि खोलीत स्टोव्ह पेटवून आमटी करपवली. एवढी मोठी बाई आपल्याला मापटं म्हणते, तेही भर ओटीवर. आज कुणी म्हटलं तर मी त्याला दक्षिणा देईन.

तिच्या घरात आरसा एकच होता आणि तो कोंबडीच्या खुराड्यात होता. एक कोंबडी एकटी पडल्यामुळे अंडी घालायची थांबली होती, म्हणून काकीने तिला सोबत म्हणून आरसा लावून दिला. कोंबडीला ती सोबत पसंत पडली. काकीचं म्हणणं, त्या घरात आरशाचा उपयोग झालेली ती एकटीच. आणि म्हणून त्या दिवशी टॉवेल गुंडाळून झाल्यावर मला स्वतःला बघायला खुराड्यापुढे उकिडवं बसावं लागलं. जाळीतून फक्त मधला भाग दिसत होता. मधला भाग झकास होता. बाकीचं काय दिसतं याचा विचार मी केला नाही, कोंबडीने केला असावा, ती आरशाकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून आरशाकडे बघत राहिली.

बाकीचं असं दिसत होतं: काडीसारखी मान, काडीसारखे हात, आणि मध्ये पिंप.

पाहुणे कर्जतहून आले. मुलगा रेल्वेत होता. बरोबर त्याची आत्या. आई नव्हती त्याला, आत्यानेच वाढवलेलं, म्हणजे होकार-नकार तिच्या हातात. माझी आई आदल्या दिवशीच आली होती, आणि हे स्थळ गेलं तर मी तोंड दाखवणार नाही असं तिने मला सांगून ठेवलं होतं. कुणाला तोंड दाखवणार नाही ते सांगितलं नव्हतं. काकीने पहाटेपासून स्वयंपाक मांडला होता. मोड आलेले वाल सोलून केलेलं बिरडं, तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, नव्या तांदळाची खीर. भाडेकरणीला बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी मालकिणीने एवढं का करावं, हा प्रश्न मला पडला नाही. माझं लक्ष पोटाकडे होतं. टॉवेल आवळण्यासाठी मी परकराची नाडी अशी ओढली होती की नुसता श्वास घ्यायचा तरी हप्त्याने घ्यावा लागत होता.

आत्याने मला चालून दाखवायला लावलं. चालले. कमरेवर हात फिरवला. टर्किशने काम चोख केलं. मुलगी अंगाने बरी आहे की, असं आत्या आईला म्हणाली, फक्त हात जरा बारीक वाटतात. आईने हातांची जबाबदारी माझ्या वडिलांच्या घराण्यावर टाकली. सगळं जमत आलं होतं. मग मला नमस्कार करायला सांगितलं.

वाकले. आतमध्ये काहीतरी सुटलं. उठले तेव्हा साडीच्या निऱ्या जागेवर होत्या, पदर जागेवर होता, पण मागून माझ्या टॉवेलाचं एक लाल किनारीचं टोक बाहेर येऊन लोंबत होतं. मला ते माहीत नव्हतं. मी पाठ वळवून पोह्यांच्या बशा उचलायला गेले. मग आत्याने अगदी हळू विचारलं, की हे मागे काय लोंबतंय.

आईने डोळे मिटले होते. तेवढ्यात काकी दारातून ओटीवर आली, दार भरूनच आली, सरळ माझ्यामागे उभी राहिली आणि म्हणाली, "माजा टावेल हाय. मीच सांगितलं तिला, पावन्यांच्या हातासाटी जवळ ठेव म्हनून."

असं म्हणून तिने तो ओढला. टॉवेल येत राहिला. मी जागच्या जागी गोल फिरले. तो संपल्यावर तिने त्याची घडी घालून आत्याच्या मांडीवर ठेवली आणि दुसऱ्याचं टोक शोधलं. मी पुन्हा फिरले. हा टॉवेल तिने मुलाला दिला. दोन गिरक्यांत माझं पायलीचं मापटं झालं, सर्वांसमक्ष, आणि साडी अंगावर अशी लटकली की खुंटीवर बरी दिसली असती.

मुलाने टॉवेलाला हात पुसले. नीट, एकेक बोट. मग गंभीरपणे मला विचारलं, "अजून आहे का?"

त्या प्रश्नावर मी त्याच्याशी लग्न केलं. आत्या पुढे कितीतरी वर्षं लग्नाकार्यात मला हात पुसायला नेमाने टॉवेल द्यायची, त्यात टोमणा मुळीच नव्हता, तिला तो रिवाज वाटत होता.

पण त्या दिवशी मी खोलीत जाऊन कडी लावून रडले. बाहेर पानं वाढली गेली, पाहुणे जेवले, बिरड्याची वाहवा झाली, आत्याने खीर दोनदा मागून घेतली. काकी माझं ताट घेऊन दाराशी उभी राहिली. मी आतूनच सांगितलं, मला भूक नाही. मला तिचा राग आला होता. तिने मला वाचवलं हे कळायला मला वेळ लागला, कारण वाचवताना तिने मला भोवऱ्यासारखं फिरवलं होतं. ती बाहेरून म्हणाली की सगळा सैपाक तुज्यासाटी केला, ते पावने काय, आज हायती उद्या नाय. तरी मी दार उघडलं नाही. संध्याकाळी ते ताट कोंबडीने खाल्लं. आणि काकीने मला बजावून ठेवलं की माझं एक जेवण तिच्याकडे राहिलंय, ते माफ नाही.

तिच्या तोंडून हे मी पुढे आयुष्यभर ऐकलं. लग्नानंतर मी कर्जतला गेले. खालापूर ते किती लांब, पण संसारात लांबच. चार-दोन वर्षांनी केव्हातरी जाणं व्हायचं. दर खेपेला मी थोडी जास्त असायची. पहिल्या बाळंतपणानंतर काकीने मला शेरात काढलं. दुसऱ्यानंतर अडिशरी. चाळिशीत तिने मला सूनबाईला बोलावून दाखवलं, बघ गं, पायली झाली मापट्याची, आनि शिगेला बी लागलीय. तिला इतका आनंद झाला होता. मला मात्र तोवर मासिकातून कॅलरी कळल्या होत्या.

आणि दर खेपेला ती जेवायला बसवायची, दर खेपेला माझं काहीतरी असायचं. एकदा पोटाला बाळंतपणाचा पट्टा. एकदा लिंबू-मध. एकदा मी फक्त मोड आलेले मूग खात होते, तेही चावायचे किती वेळा ते ठरलेले. मी पाणी प्यायची, बिरड्याचा वास घ्यायची आणि शेवटच्या गाडीचं कारण सांगून उठायची. तिने वाढलेली भाकरी मी कितीदा तरी पदराखाली घेऊन घरी आणली आणि नवऱ्याने खाल्ली. तो म्हणायचा, तू हे बारीक होण्याचं चालू ठेव, मला मानवतंय.

सगळ्यात वाईट खेप ती, जेव्हा मी तिला म्हटलं, काकी, मी भात सोडला.

भातगिरणीच्या मालकिणीला. गिरणी चालू असताना. आजूबाजूला चार बायका पोती घेऊन उभ्या असताना. काकीने गिरणीचा पट्टा उतरवायला लावला, यंत्र थांबलं, आणि त्या शांततेत तिने मला पुन्हा म्हणायला सांगितलं. मी म्हटलं. धर्म सोडला म्हटलं असतं तर ती एवढी खचली नसती. नंतर पडलेल्या आवाजात विचारलं, भातानं काय केलं तुला?



गेल्या वर्षी नातीचा साखरपुडा झाला. कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर, जिथे जेवणाचे फोटो जेवणाच्या आधी निघतात. नात सहा महिने उपाशी, तिच्या मैत्रिणी उपाशी, होणारा नातजावई व्यायामशाळेत. त्यात आजी फोटोत नीट दिसावी म्हणून नातीने माझ्यासाठी ऑनलाइन एक पट्टा मागवला. पट्टा कसला, रबराची चोळी गुडघ्यापर्यंत. दोघींनी मिळून मला त्यात भरली. शिगेसकट. फोटोत मी तरुण दिसते आणि थोडी निळी.

त्याच आठवड्यात काकीच्या सुनेचा फोन आला. म्हातारी अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी घरीच ठेवा सांगितलं होतं, म्हणजे काय ते आपण समजायचं. बाकी कुणाची आठवण काढत नाहीत, सून म्हणाली, पण रोज सकाळी विचारतात, मापटं जेवायला आलं का. त्येचं एक जेवन राहिलंय म्हनतात, ते दिल्याबिगर जाऊन काय करू.

मी दुसऱ्या दिवशी निघाले. आणि इथे मी सत्तरी ओलांडलेली, दोन टॉवेलांच्या अनुभवाने शहाणी झालेली बाई, काय केलं? पट्टा घातला. का घातला याचं कारण लाज न बाळगता सांगते. एवढ्या वर्षांनी काकी मला दारात बघून खंडी म्हणेल, ही मला धास्ती होती. मला अडिशरीवर सुटायचं होतं.

खालापूर ओळखू येईना. टोलनाक्याच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर गोदामं उभी राहिली आहेत, गिरणीच्या अर्ध्या भागात टायरचं दुकान. पण काटा होता. ओटीवर आणून ठेवला होता आणि त्याच्यावर चादरी वाळत होत्या. वर भिंतीवर खडूने लिहिलेला आकडा होता, जुना, पिवळा पडलेला, काकीच्या भरातल्या दिवसांतला. रंग लावतानाही तेवढा भाग सोडला होता. सून म्हणाली, पुसायचा नाय असा हुकूम हाय. कितीतरी दसरे झाले, सासूबाई काट्यावर बसल्या नाहीत.

मी आत गेले. खाटेवर उशांना टेकून काकी बसली होती, तेवढीच. तोच विस्तार, तेच लुगडं, खाट भरलेली. मला हायसं वाटलं. मग जवळ गेले आणि तोंड दिसलं. तोंड एवढंसं झालं होतं. मनगटं माझ्या कॉलेजातल्या फोटोतली. त्या एवढ्या मोठ्या देहातून ते लहानसं तोंड असं डोकावत होतं, की मला एकदम खुराड्याचा आरसा आठवला. काडी, काडी, आणि मध्ये पिंप.

मी पाया पडायला वाकले. पट्ट्याने मला अर्ध्यात धरलं आणि करकर असा आवाज केला, खोलीभर ऐकू येईल असा. तशीच तिरकी होऊन मी तिच्या अंगावर कलंडले, आधारासाठी तिच्या कमरेला हात घातला. हात आत गेला. आत काकी नव्हती. आत गोधडी होती, दुमडून दुमडून गुंडाळलेली, आणि गोधडीच्या आत टॉवेल.

सून दारात दोन ताटं घेऊन उभी होती. बिरड्याचा वास आला. ती पदराआड हसत म्हणाली की सकाळपासून हेच चाललंय, तुम्ही येणार म्हणून दोघींनी मिळून बसवलंय, ह्यांना मापट्यासमोर मापटं दिसायचं नव्हतं.

काकीने तिच्याकडे पाहिलं नाही. माझा हात अजून गोधडीतच होता. तिने तिची सुकलेली दोन बोटं पुढे करून माझ्या पोटावर टिचकी मारली. रबर टणकन वाजलं. तिने पुन्हा मारली, खात्री करून घेतली. मग सुनेला खूण करून ताटं खाली ठेवायला लावली आणि मला म्हणाली,

"तू तुजा पट्टा सोड गं, मी माजी गोधडी काढते. दोगी जरा श्वास घेऊ, मंग जेवू."